पुसलेल्या ओळी

माझी नोकरी नेमकी कसली आहे, हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. मावशी पाहुण्यांना सांगायची, "टेलिफोन एक्स्चेंजसारखं आहे काहीतरी. पण हिला बोलावं लागत नाही." पाहुणे माझ्याकडे बघायचे आणि मी चहाचे कप उचलून आत जायचे. खरं तर मावशीचं वर्णन अगदी बरोबर होतं. बोलावं लागत नाही म्हणूनच मी ती नोकरी धरली होती.

आता ज्याच्या त्याच्या तोंडी इंटरनेट आहे. मी सांगतेय ते त्याच्या जरा आधीचं. डोंबिवली पूर्वेला एका पोळी-भाजी केंद्राच्या वर बापट सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. पुढच्या खोलीत मुलं शिकायची. आतल्या खोलीत एक वेगळा कॉम्प्युटर होता, त्याला एक मोडेम आणि मोडेमला फोनची तार. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरचं बोलणं फोनवरून जाईल अशा आवाजात बदलणारी डबी. कुणी घरच्या कॉम्प्युटरवरून आमचा नंबर लावला की आमची डबी फोन उचलायची, दोन्ही डब्या एकमेकींवर किंचाळायच्या आणि मग त्या माणसाच्या पडद्यावर आमचा बोर्ड उघडायचा. बोर्ड म्हणजे सोसायटीच्या जिन्याखाली सूचना लावायचा फळा असतो ना, तसाच. एकाने लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. फरक इतकाच की या जिन्याखाली एका वेळी एकच माणूस मावायचा, कारण फोनची लाइन एकच. बाकीच्यांना एंगेज टोन. म्हणून प्रत्येकाला वीस मिनिटं, मग बोर्ड आपणहून फोन ठेवून द्यायचा.

सभासद होते डोंबिवलीचे, कल्याणचे, ठाकुर्लीचे. थोडे ठाण्याचेही होते, पण तिथून फोन महाग पडे, म्हणून ते तार केल्यासारखं लिहीत. खरं नाव कुणी लावत नसे. बोर्डावर बरेच विभाग होते, पण सगळे यायचे ते ‘रोजचं’ या एका विभागासाठी. तिथे सरांनी पद्धत पाडली होती: दिवसातलं एक बरं आणि एक वाईट, एवढंच लिहायचं. लिहायचं रोमन अक्षरांत. इथे मी ते आपल्या लिपीत देते.

ठाण्याच्या कोर्टात कारकून असलेले एक गृहस्थ ‘तारीख’ या नावाने लिहायचे. "बरं: साहेब रजेवर. वाईट: उद्या येणार." कोपरचा एक मुलगा होता, खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातला. चिखलात उड्या मारतो त्या माशाचं नाव त्याने घेतलं होतं, ‘नेवटा’. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा आणि दुकानातूनच फोन लावायचा. "बरं: बाबांच्या जाळ्यात भरलेल्या चिंबोऱ्या. वाईट: आई बोलली, विकायच्या आहेत, हात लावू नको." चिंबोऱ्या म्हणजे खेकडे. आणि ठाकुर्लीचे ‘शेवगा’. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, एकटे राहणारे. मुलगी नाशिकला दिलेली; मुलाने परदेशी जाताना कॉम्प्युटर मागे ठेवला आणि यांनी तो पुस्तक वाचून चालवायला घेतला. त्यांच्या गॅलरीला लागून शेवग्याचं झाड होतं आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंशी त्यावरून त्यांची लढाई चालू असे. "बरं: शेंगा बोटाएवढ्या झाल्या. वाईट: शत्रूनेही पाहिल्या." दुसऱ्या दिवशी, "वाईट: शत्रूकडे आज आमटी. वास वर येतो आहे." या लढाईचं पुढे काय झालं, हे वाचायला कल्याणची कॉलेजची मुलं प्रॅक्टिकल बुडवून फोन लावायची.

मी ऑपरेटर. सकाळी यंत्र सुरू करायचं, कुणी शिवीगाळ केली तर ती काढायची, कुणी अडलं तर मदत करायची. सभासद मला "ऑपरेटरसाहेब" म्हणायचे. सर म्हणाले, "वृंदा, राहू दे साहेबच. मुलगी बसते कळलं तर उगाच फोन येत राहतील." मला तेच हवं होतं.

मदत करता यावी म्हणून सरांनी पहिल्याच आठवड्यात एक कळ दाखवली. ती दाबली की समोरच्या माणसाच्या पडद्यावर जे दिसतंय, ते माझ्याही पडद्यावर उमटायचं. तो लिहील तसं, एकेक अक्षर. "सांगायचं नाही हं कुणाला," सर म्हणाले. "लोक बुजतात."

मी बघू लागले. सुरुवातीला मजा वाटली. मग एका दुपारी कल्याणच्या एका मुलाने लिहिलं, "वाईट: बाबांची नोकरी गेली." अक्षरं थांबली. मग शेवटाकडून एकेक करत मागे गेली, पार पुसली गेली. त्या जागी उमटलं, "वाईट: पंखा बिघडला." खाली तारीखकाकांनी संध्याकाळी गंमत केली, "आमचा साहेब बिघडला तर कुठे नेऊ?" आणि त्या मुलाने हसल्याचं लिहिलं.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं, बरेच जण लिहून पुसतात. बोर्डावर जे वाईट दिसायचं त्याच्या खाली आणखी एक वाईट असायचं आणि ते फक्त मला माहीत असायचं. कुणी सांगितलेलं नाही, विचारता येणार नाही, कुणापाशी बोलताही येणार नाही. वाण्याच्या दुकानात कुणी कल्याणचं बोलू लागलं की मी पिशवी उचलून निघायचे; हा तोच तर नसेल? चेहऱ्यावरून यालाही कळेल का, की मी वाचलंय?

तरी मी ती कळ बंद केली नाही. कुणी अडलं तर, असं मी स्वतःला सांगायचे.

मग नेवटा विचारायला लागला. आधी "ऑपरेटर, जेवलास का?" मग "ऑपरेटर, तू मुलगा नाहीस ना?" मी उत्तर दिलं नाही. आणि एके दिवशी तो ‘रोजचं’मध्ये लिहायला बसला आणि माझ्या पडद्यावर अक्षरं आली:

"मला माहीत आहे तू कोण आहेस. पिवळा ड्रेस"

माझ्या अंगात पिवळाच ड्रेस होता.

अक्षरं तशीच राहिली. मग मागे मागे जात पुसली गेली. "बरं: आज दोन कीबोर्ड सुधारले. वाईट: तिसऱ्यात चहा सांडलेला," एवढं लिहून तो निघून गेला.

मी उठून आतल्या खोलीचं दार लावलं, मग खिडकी लावली. त्या दिवसापासून तो ड्रेस मी कपाटाच्या तळाशी टाकला. घरी जायचा रस्ता बदलला. खाली पोळी-भाजी केंद्रापाशी कुणी तरुण मुलगा डबा घेऊन उभा असला की तो जाईपर्यंत मी जिन्यात थांबायचे. सरांना काय सांगणार? त्या मुलाने तर काहीच लिहिलेलं नव्हतं. जे नाही लिहिलं, ते मी कसं वाचलं? आई म्हणाली, "अगं, हल्ली उशीर का होतो तुला?" मी म्हटलं, "काम असतं." रात्री डोळे मिटले की तो वाक्य पुरं करताना दिसायचा. पुरं वाक्य काय असेल, हे मी वेगवेगळ्या तऱ्हेने लावून बघितलं. एकही चांगलं लागलं नाही.

याच सुमारास शेवगामास्तर पुसायला लागले.

ते कधी पुसत नसत. चित्रकलेच्या मास्तरांचा हात, एकदा रेघ ओढली की ओढली. पण एका सोमवारी त्यांनी लिहिलं, "वाईट: डावा हात जड वाटतो" आणि पुसून लिहिलं, "वाईट: दूध नासलं." दुसऱ्या दिवशी, "कप हातातून सुटला, बोटांना कळलंच नाही." पुसलं. "वाईट: शत्रूने आज खिडकीतून स्मित केलं. काहीतरी शिजतंय." लोक हसले. नेवट्याने लिहिलं, "मास्तर, झाडाला कुंपण घाला." त्याआधी एकदा तो मास्तरांचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला घरी गेलेला आणि शेंगांची आमटी खाऊन आलेला. त्याचं वर्णन त्याने चांगलं आठ ओळी केलं होतं, म्हणून मला ठाऊक होतं.

मला डावा हात दिसत होता. डॉक्टरकडे जा, असं मी लिहू शकत होते. पण मग विचारतील, तुला कसं कळलं? तिसऱ्या दिवशी मी एक युक्ती केली. सगळ्यांसाठी म्हणून एक सूचना टाकली, की वय झालेल्या सभासदांनी तब्येत तपासून घ्यावी. तारीखकाका म्हणाले, "ऑपरेटरसाहेब, सल्ल्याची फी किती?" मास्तरांनी त्यावर काही लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी सर पुण्याला गेलेले. क्लास संध्याकाळी होता, पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. दुपारी, जेवणानंतरच्या त्यांच्या ठरलेल्या वेळी मास्तरांचा फोन लागला. मी कळ दाबून बघत होते.

"बरं: आज आमटी मी केली. मीठ जरासं कमी पण तीच चव, ल"

रोमनमधलं ‘एल’ हे अक्षर. त्यापुढे आणखी एक एल. मग आणखी. ओळ भरली, खालची ओळ सुरू झाली, तीही भरू लागली. एल, एल, एल. मला वाटलं, गंमत करताहेत. मग वाटलं, कळ अडकली असेल. आणि मग लक्षात आलं. कळ अडकली असती, तर माणसाने काहीतरी केलं असतं. इथे कुणी काहीच करत नव्हतं. कळीवर नुसता हात पडलेला होता.

मधे शिरून बोलायची सोय होती. मी लिहिलं, "मास्तर, काय झालं?" माझी अक्षरं त्या एलमध्ये मिसळली. "मास्तर, कळीवरून हात काढा." पडदा वर वर सरकत राहिला. पाच-सहा ओळी. मग एल थांबले.

ते चालू होते तेव्हा जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी ते थांबल्यावर वाटली.

आता जे सांगते, ते या धंद्याबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. मास्तरांना फोन करायचा, तर त्यांचा फोन एंगेज होता, कारण तो माझ्याशीच जोडलेला होता. दुसऱ्या कुणाला फोन करायचा, तर माझाही फोन एंगेज, कारण तो त्यांच्याशी. क्लासमध्ये लाइन ती एकच. मदत मागायची तर आधी त्यांचा फोन तोडायला हवा. आणि त्या माणसाकडून माझ्यापर्यंत येणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. तोडली, आणि त्याच क्षणी त्यांनी काही लिहिलं असतं तर?

मी लिहिलं, "मास्तर, मी फोन तोडते आहे. लगेच करते." आणि तोडला.

त्यांचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. मी मोजली नाही, पण रिंग आपणहून बंद होते, तिथवर वाजली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

घर कुठे हे मला माहीत नव्हतं. माहीत होतं एकाच माणसाला. सभासदांचे नंबर यंत्रात होते. दुकानाचा नंबर फिरवताना एक आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून फिरवला. वाटत होतं, लागूच नये. लागला.

"हॅलो. बोला."

हा त्याचाच आवाज असणार. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"अरे बोला ना. कोण पाहिजे?"

"मी ऑपरेटर," मी म्हटलं. "बोर्डवरची."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"हां. काय झालं?"

"शेवगामास्तर पडलेत. लिहिता लिहिता. मला घर माहीत नाही."

तुला कसं कळलं, असं त्याने विचारलं नाही. म्हणाला, "रिक्षा पकड आणि ठाकुर्लीला ये. स्टेशनबाहेर उभी राहा. मी सायकलवर येतो, गर्दी नाय आता. दोघं लागतील उचलायला. ऐकतेस ना? निघ."

रिक्षात बसल्यावर मला समजलं, की ज्याला टाळायला मी रस्ता बदलला होता, त्याच्याकडेच चाललेय, आणि तेही घरी-दारी कुणाला न सांगता. रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, "जरा हळू." मग म्हटलं, "नको, लवकर." तो म्हणाला, "ताई, एक काय ते सांगा."

ठाकुर्ली स्टेशनबाहेर एक काळासावळा, किरकोळ मुलगा सायकल धरून घामाघूम उभा होता. शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सायकल भिंतीला टेकवून चालायला लागला. "इथून. दुसरी बिल्डिंग. मी जनार्दन."

मी नाव सांगितलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर दार बंद. त्याने बेल वाजवली, मग कडी, मग थापा. "मास्तर! ओ मास्तर!" आतून काही नाही. खांद्याने धक्का मारायला तो मागे सरकला, तेवढ्यात जिन्यातून एक ठेंगणी बाई वर आली. हातात लाटणं.

"काय रे, काय चाललंय? दार मोडतोस काय?"

"काकू, मास्तर उघडत नायत."

"झोपले असतील. दुपारचे झोपतात."

"झोपलेले नाहीत," मी म्हटलं. मला माझाच आवाज अनोळखी वाटला. "ते कॉम्प्युटरवर होते. एकदम थांबलेत."

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कमरेची किल्ली काढली. "माझ्याकडे असते एक," त्या पुटपुटल्या. "त्यांनीच दिलेली. हार्ट-बिर्ट झालं तर म्हणून." ही शत्रू. किल्ली तिच्या कमरेला होती आणि हे मास्तरांनी बोर्डावर कधी लिहिलं नव्हतं, लिहून पुसलंही नव्हतं.

मास्तर टेबलाखाली कुशीवर पडले होते. खुर्ची आडवी. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. पडताना पूर्ण पडले नव्हते, बराच वेळ टेबलावरच रेलून राहिले असावेत. तेच ते एल. आम्हाला बघून त्यांनी काहीतरी म्हटलं, पण शब्द झाले नाहीत. काकू लाटणं टाकून खाली बसल्या, "अहो मास्तर, अहो," म्हणत त्यांचा हात चोळायला लागल्या. जनार्दनने त्यांना पाठुंगळी घेतलं, मी मागून धरलं. जिना उतरताना त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर लोंबत होता. इतका जड हात मी कधी धरला नव्हता.

नर्सिंग होममध्ये डॉक्टरांनी पडदा ओढला आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, "आधी काही जाणवत होतं का त्यांना? कधीपासून?"

काकू म्हणाल्या, "काही नाही हो. परवा तर खिडकीतून भांडले माझ्याशी."

जनार्दन म्हणाला, "मी रोज वाचतो त्यांचं. काय नाय लिहिलं."

दोघांनी सांगितलं, तेच डॉक्टर लिहून घेत होते. मला गप्प बसता आलं असतं. लहानपणापासून मी तेच करत आले होते आणि कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं.

"सोमवारपासून डावा हात जड होता," मी म्हटलं. "मंगळवारी कप सुटला. बोटांना कळलं नाही. काल काही लिहिलं नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"कुणी नाही."

ते आत गेले. काकू देवाचं काहीतरी पुटपुटत बाकावर बसल्या. जनार्दन माझ्याकडे बघत होता.

"हे कवा लिहिलं त्यांनी?"

"लिहून पुसलं."

त्याला समजायला वेळ लागला. मग हळूहळू कानापर्यंत लाल झाला. मी भिंतीला टेकले. बाहेर पडायचा दरवाजा त्याच्या मागे होता.

"मग माझं पण वाचलंस? ते ड्रेसचं?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"मी प्रिंटरची रिबन द्यायला वर आलेलो तुमच्याकडे. दार उघडं होतं, तू बसलेली. तेव्हाच कळलं." तो फरशीकडे बघत बोलत होता. "लिहिलं, आणि मग वाटलं, पोरगी घाबरेल. म्हणून पुसलं."

"घाबरले."

"पुसलं ना पण!"

मी पुरं करून बघितलेल्या सगळ्या वाक्यांत हे वाक्य नव्हतं.

मास्तर वाचतील की नाही, हे दोन दिवस डॉक्टर सांगत नव्हते. त्या दोन दिवसांत बोर्डावर काय चाललंय हे बघायची माझी हिंमत झाली नाही. सर परत आले. जनार्दन वर आला, दारातच उभा राहिला. "सर, बोर्डावर सांगा सगळ्यांना, की दिसतं म्हणून. नायतर मी सांगतो." सर चिडले. "अरे, एक माणूस राहणार नाही! वर्षभराची मेहनत आहे." मग माझ्याकडे वळले, "आणि तू कशाला बोललीस डॉक्टरांना?"

मी आतल्या खोलीत गेले आणि सूचना लिहिली. ऑपरेटरला अक्षर न् अक्षर दिसतं, पुसलेलंही दिसतं. मास्तरांचं काय झालं ते लिहिलं. खाली ‘ऑपरेटर’ न लिहिता ‘वृंदा’ लिहिलं. लिहून झाल्यावर पुसायला बोट गेलंच होतं.

आठवडाभर फोन जवळजवळ वाजला नाही. सर माझ्याशी बोलत नव्हते. मी त्या शांत डबीसमोर बसून राहायचे आणि जिन्यात पाऊल वाजलं की दचकायचे, आता कुणीतरी जाब विचारायला येणार. कल्याणचा तो पंख्यावाला मुलगा परत कधीच आला नाही. तेवढं मनात राहून गेलं. मग एके सकाळी तारीखकाका उगवले. "बरं: सांगितलंत. वाईट: वर्षभरात काय काय पुसलं ते आठवत बसलोय, आणि कोर्टात आज काम आहे." त्यांच्यामागून एकेक जण आला.

मास्तर वाचले. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, उजवा हात राहिला. पावसाळा सरल्यावर मी आणि जनार्दन त्यांना भेटायला गेलो. काकूंनी दार उघडलं. मास्तर खुर्चीत. मी कोण ते जनार्दनने सांगितलं. त्यांनी मला न्याहाळलं, जसं चित्राकडे थोडं लांबून बघतात तसं.

"साहेब म्हणायचो," ते अडखळत म्हणाले आणि अर्ध्या तोंडाने हसले.

मी धीर करून विचारलं, "मास्तर, बाकी कुणाचं बघत नाही मी आता. तुमचं बघत जाऊ का? पुन्हा काही झालं तर कळेल."

त्यांनी उजवा हात उचलला. "नको."

"अहो मास्तर, बघू दे की पोरीला," काकू म्हणाल्या.

"नको," त्यांनी पुन्हा म्हटलं. "पुसलेलं माझं."

तेव्हा मी ती कळ सगळ्यांसाठीच सोडून दिली. मास्तर पुन्हा लिहू लागले, एका हाताने. माझ्या पडद्यावर काही दिसायचं नाही. मोडेमवर एक छोटा लाल दिवा होता, समोरून अक्षर आलं की तो लुकलुके. तेवढाच. दिवा थांबला की माझा जीव जाई. विचार करताहेत की पडले? थोडा वेळ दम धरायचे, मग राहवायचं नाही. फोन तोडायचे आणि त्यांना लावायचे.

"हॅलो मास्तर?"

"अगं... तीन ओळी... गेल्या माझ्या!"

"बरे आहात ना?"

"विचार... करत होतो. ठेव."

असं त्या महिन्यात कितीदा झालं, विचारू नका. फोन तोडला की त्यांचं लिहिलेलं सगळं जायचं. एका हाताने, एकेक अक्षर शोधून लिहिलेलं. एकदा ते खरंच रागावले आणि दोन दिवस आलेच नाहीत. ते दोन दिवस मी कसे काढले, ते मलाच माहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन लागला. दिवा लुकलुकला, थांबला आणि मी रिसीव्हरकडे हात नेते तो पुन्हा लुकलुकला. एकदाच. मग काही वेळाने पुन्हा एकदाच. असं बराच वेळ. मग नेहमीसारखी भराभर अक्षरं. ते गेल्यावर मी त्यांचं लिहिणं उघडून बघितलं. दोन शब्दांच्या मधे मोठी मोकळी जागा होती, जवळजवळ अर्धी ओळ. पुढे पुन्हा चार शब्द, पुन्हा मोकळी जागा. विचार करायला थांबले की ते जागा सोडायची कळ दाबत राहत होते.

कल्याणच्या मुलांनी विचारलं, "मास्तर, तुमची मधली अक्षरं पडतात का?" जनार्दनने लिहिलं, "वाचायचं तर वाचा, नायतर पुढे जा." डिस्क लहान होती, रिकाम्या जागा काढून टाकणं हे माझं रोजचं काम. बाकी सगळ्यांच्या मी काढत असे.

नंतर इंटरनेट आलं. लोक एकेक करत गेले, सरांना ती लाइन परवडेना. बंद करायच्या दिवशी सगळ्यांनी शेवटचं ‘रोजचं’ लिहायचं ठरलं. मास्तर तेव्हा नाशिकला मुलीकडे जायच्या तयारीत होते, सामान बांधून झालं होतं. त्यांनी दुपारी फोन लावला. दिवा चालला आणि थांबला. एकदा लुकलुकला. बराच वेळ गेला. पुन्हा एकदा. माझा हात रिसीव्हरवर होता. वीस मिनिटांची मर्यादा मी त्यांच्यापुरती काढून टाकली होती. बाहेरून किती जण एंगेज टोन ऐकत असतील, याचा विचार केला नाही. दिवा लुकलुकत राहिला.

ते गेल्यावर मी उघडलं.

"बरं: काकूंनी वाटेसाठी शेंगा दिल्या. वाईट:"

त्यापुढे साडेतीन ओळी मोकळ्या. मग, "आठवत नाही."